चोवीस फुटी आरव्ही, आठ महिने आणि नॅशव्हिलची आत्या

नोव्हेंबरात आम्ही एक जुनी चोवीस फुटी क्लास सी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेतली. पुढे फोर्डचं तोंड, मागे खोली, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग. आठ महिन्यांत सहा हजार मैल झाले. कॅम्पग्राउंडवर ती कशी वागते ते विकणारा तोंडभरून सांगतो. नातेवाइकांच्या दारात कशी वागते ते आपलं आपल्यालाच कळतं.

जूनमध्ये अटलांटाहून नॅशव्हिलला गेलो. अंतर साधारण अडीचशे मैल. चट्टानूगा मागे पडल्यावर घड्याळ तासभर मागे येतं. तो फुकटचा तास मॉन्टईगलच्या चढाने खाल्ला. ट्रकांच्या मागे रखडत गेलो. एरवी गॅलनला आठ-नऊ मैल मिळतात, घाटात तेही नाही. हॉटेलपेक्षा स्वस्त पडेल म्हणून कुणी घेत असेल तर त्याने आधी वहीपेन घेऊन बसावं.

आत्या बेलव्ह्यू भागात राहते, गणेश मंदिराच्या बाजूला. तिचा ड्राइव्हवे बघून नवऱ्याने कपाळाला हात लावला. चांगलाच उतार. आमचा फ्रिज गॅसवरही चालणारा आहे, आणि गाडी कलली की त्याच्या नळ्यांतलं द्रावण नीट फिरत नाही. तसाच रेटला तर फ्रिज कायमचा बसतो. मग पुढच्या चाकांखाली पिवळे ठोकळे रचत, टेबलावर पाण्याची ताटली ठेवून पातळी बघत पाऊण तास गेला. काका शेजारी उभे राहून "अजून जरा, अजून जरा" करत होते. पाणी एका कडेला जायचं थांबलं तेव्हा आत चहा गार झाला होता.

वीज गॅरेजमधून घेतली. गाडीला हवेत ३० अँपिअर, घरच्या प्लगवर मिळतात १५. अडॅप्टर लावून एसी कसाबसा चालतो, पण त्यावर मायक्रोवेव्ह लावलात की ब्रेकर पडलाच. तीनदा पडला. त्याच लाइनवर आत्याचा डीप फ्रीझर आहे आणि त्यात वर्षाचा ओला नारळ खवून ठेवलाय, हे तिसऱ्यांदा कळलं.

त्यापेक्षा मोठा प्रश्न आत्याचा. "घरात दोन खोल्या रिकाम्या, आणि तुम्ही दारात गाडीत झोपणार? मी काय परकी झाले?" पहिली रात्र निमूट घरात काढली. दुसऱ्या दिवशी मुलांनीच वरचा पलंग धरला, वाद मिटला. आम्हाला मात्र ते फार सोयीचं झालं. मुलं साडेआठला आपापल्या अंथरुणात, आत्याच्या घरात पसारा नाही, आणि सकाळी चहाला चार पावलांवर. संडास तेवढा घरातलाच वापरला. भरलेली काळी टाकी, म्हणजे संडासाच्या मैल्याची, ड्राइव्हवेत रिकामी करता येत नाही, ती ओतायची ठरलेली जागा, डम्प स्टेशनच गाठावं लागतं.

गावात ही गाडी नेऊ नका. ब्रॉडवेवर, म्हणजे नॅशव्हिलच्या गाण्याबजावण्याच्या रस्त्यावर, काकांच्या कारने गेलो. रायमन ऑडिटोरियममध्ये अजून लाकडी बाकडी आहेत, कारण १८९२ मध्ये ती इमारत प्रार्थनेसाठी बांधली होती. १९२५ ला रेडिओवर सुरू झालेला कंट्री संगीताचा कार्यक्रम, ग्रँड ओल ऑप्री, १९४३ ते १९७४ इथेच व्हायचा. पुढे नव्या थिएटरात गेला, तर इथल्या रंगमंचाच्या लाकडाचा एक गोल तुकडा कापून तिथल्या रंगमंचात बसवला. काकांना हे फार आवडलं. पादुका नेतात तसं, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी वसाहतीच्या असोसिएशनची चिठ्ठी आली: मोठं वाहन ४८ तासांपेक्षा जास्त दारात नको. हे जाण्यापूर्वी विचारून घ्या. आम्ही शेवटची रात्र कॅम्पग्राउंडवर काढली, आणि आत्या डबा घेऊन तिथे आली.

एक तक्रार उरली, कपाटांच्या खिट्ट्या. मुळापासून कुचकामी आहेत. परतताना मॉन्टईगलच्या उतारावर टो-हॉलचं, म्हणजे उतारावर इंजिनानेच वेग रोखणारं, बटण दाबून, खालच्या गिअरमध्ये अगदी सांभाळून उतरलो, तरी एका वळणावर वरचं दार उघडलं आणि आत्याने दिलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी खाली आली. गादीचं कव्हर दोनदा धुतलंय. एसी लावला की वास येतो.