डब्ल्यूडीएम-२ ची थ्रीडी प्रिंटेड बॉडी, एचओ स्केल: घ्यावी का?

भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाच्या एचओ, म्हणजे १:८७ मापाच्या, मॉडेलसाठी चार महिन्यांपूर्वी मागवलेली बॉडी परवा एकदाची रुळावर आली, म्हणून आता लिहितोय. पार्सल उघडल्या उघडल्या लिहिलं असतं तर पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, एकटाच घरून धंदा करतो बिचारा, पण जे पटलं नाही ते सांगणारच.

साडेतीन हजाराला रेझिनमध्ये फक्त वरची बॉडी आणि बोगीच्या, म्हणजे खालच्या चाकांच्या गाड्याच्या, साइड फ्रेम. मोटर, चेसिस, चाकं आपली आपण बघायची. पहिलं काम म्हणजे कॅलिपर लावला. खरं इंजिन २,८६४ मिमी रुंद, १:८७ मध्ये ३३ हवं, बरोब्बर ३३ भरलं. लाँग हूडच्या, म्हणजे इंजिनाच्या लांब नाकाडाच्या, दारांच्या बिजागऱ्या नखाला लागतात इतक्या स्वच्छ आल्यात, रेडिएटरच्या जाळ्याही मस्त. हे सगळं स्टायरीनची प्लास्टिक शीट कापून मी करायला बसलो असतो तर महिना गेला असता आणि दारं वाकडीच आली असती, आधीच्या एका प्रयत्नाचा सांगाडा माळ्यावर पडलाय.

आता तक्रारी. बॉडी मधोमध केळ्यासारखी वाकलेली आली. त्यावर उपाय आहे, कडकडीत गरम पाण्यात बुडवायची, मऊ झाली की सपाट काचेवर दाबून गार होऊ द्यायची, पण पहिल्यांदा करताना हात थरथरतात. छतावर प्रिंटच्या रेघा होत्या, पॉलिश पेपर ओला करून दोन संध्याकाळ घासत बसलो. आणि नवशिक्यांनो, प्लास्टिकच्या किटला वापरतो ते पातळ सिमेंट इथे चालत नाही, ते स्टायरीन विरघळवून जोडतं, रेझिनला त्याचं काही सोयरसुतक नाही. फेवीक्विक नाहीतर अ‍ॅराल्डाइट. फटी असतील तर फेवीक्विकवर चिमूटभर खायचा सोडा, क्षणात दगड होतो.

सगळ्यात डोकं फिरलं ते साइड फ्रेम बघून. तिन्ही चाकं समान अंतरावर! अरे बाबा, डब्ल्यूडीएम-२ ची बोगी ट्रायमाउंट आहे, दोन चाकं जवळ आणि तिसरं लांब, स्टेशनवर उभं राहून बघितलं तरी कळायचं. फ्रेम सरळ डब्यात टाकल्या. माझ्याकडे मित्राने अमेरिकेहून आणलेली, तिकडच्या अ‍ॅल्को कंपनीच्या आरएसडी-५ इंजिनाच्या मॉडेलची जुनी चेसिस होती, आणि आपलं इंजिनसुद्धा मूळचं अ‍ॅल्कोचंच, १९६२ ला तिकडूनच आलं, मग वाराणसीला बनायला लागलं, त्यामुळे चुलत भावाची बोगी आयती बसली. जाहिरातीत 'कुठल्याही अ‍ॅल्को चेसिसवर बसेल' असं लिहिलंय ते मात्र खोटं. आतून जागा दोन मिमी कमी. मेसेज केला तर उत्तर आलं, "दादा, थोडं घासून घ्या." घासलं. चेसिसचं वजन म्हणजे भरीव धातू, कानशीने चार रविवार, घरभर चुरा आणि बायकोची बोलणी वेगळीच.

बफर सोबत नाहीतच. मी रिकाम्या रिफिलचे तुकडे आणि चपट्या डोक्याच्या टाचण्या वापरल्या, बरे दिसतात. रेलिंगला ०.४ मिमीची पितळी तार, ती बोहरी आळीत पन्नास रुपयांत एवढी मिळाली की आणखी तीन इंजिनं होतील. एक गोष्ट मनाला लागते, खरा ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, १,६७६ मिमी म्हणजे एचओत १९ च्या वर, आणि आपला रूळ १६.५ चा, समोरून बघितलं की इंजिन जरा पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं वाटतं. पण यात विकणाऱ्याचा दोष नाही.

तर घ्या, पण चेसिस हातात असेल तरच, आणि आधी आतलं माप लेखी मागवून घ्या. कानस धरायची सवय नसेल तर रेडीमेड बघा. माझ्याकडून साडेतीन स्टार, अर्धा निव्वळ बिजागऱ्यांसाठी.

परवा तीन डबे जोडून चालवलं, सरळ रुळावर झकास गेलं. बफरसकट लांबी झालीय १९७ मिमी, त्यामुळे १८ इंच त्रिज्येच्या वळणावर डब्याचा बफर इंजिनाच्या बफरच्या मागे जाऊन अडकला आणि पहिला डबा आडवा. आता वळण मोठं करायचं तर डायनिंग टेबल पुरत नाही.