पैठणचा कालवा की तेरची वाट?

दिवाळी उरकून थंडी पडली की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच. सायकली घेऊन दोन दिवस निघायचंय, घाट नको, ट्रकच्या रांगा नकोत, वाटेत जुनंपुराणं काही बघायला मिळावं, आणि सोबत लेकरं आहेत. पैठण बरं की तेर?

वेरूळ-खुलताबादचं नाव मी यात धरत नाही. तो रस्ता सुंदर आहे, पण त्याला घाट आहे, आणि देवगिरीच्या पायथ्याशी जुन्या दरवाजातून एकेक करून निघणाऱ्या गाड्यांमध्ये लेकराला सायकलवर सोडायची माझी छाती होत नाही. सपाट आणि निवांत म्हटलं की माझ्यापुरती ही दोनच गावं उरतात. दोन्हीकडे मी बायको, अकरा वर्षांची लेक आणि दाजी यांच्यासोबत गेलोय, एकापेक्षा जास्त वेळा.

या दोन गावांची जोडी काही मी जमवलेली नाही. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी ‘पेरिप्लस’ हे सागरी व्यापाराचं टिपण लिहिणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्याने दोघांची नावं एकाच दमात घेतली आहेत. गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. पैठणहून अकीकासारखे दगड जायचे, तेरहून जाडंभरडं कापड आणि मलमलही. हा माल रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जायचा, असं तो लिहितो. तेरच्या शिवारातून सायकल चालवताना मला ही ओळ दर वेळी आठवते.

आधी पैठण, कारण शहरातली माणसं आधी तिकडेच वळतात. छत्रपती संभाजीनगरहून पैठणपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर सायकलने जाऊ नका, बिडकीनकडची वाहतूक आता फार वाढली आहे. सायकली गाडीला बांधून न्या आणि पैठणला उतरवा. तिथून खरी मजा जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या काठाने आहे. हा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे, उजवा १३२. पाणी आपल्या उतारानेच पुढे जायला हवं म्हणून कालवा जमिनीची समपातळी धरून, अगदी नावापुरता उतार ठेवत वळत वळत जातो. काठाचा मुरमाचा रस्ताही अर्थातच तसाच. चढ नाहीच. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, तूर, मोसंबी, आणि तासाभरात एखादी मोटारसायकल. निव्वळ शांततेला मार्क द्यायचे तर तेर इथे हरतं, हे आधीच कबूल करतो.

बघायलाही पैठणात कमी नाही. नाथांचा वाडा, गोदेकाठची समाधी, नागघाट, तीर्थखांब. धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी ते लोकार्पण केलं. त्याच्या भिंतीमागे नाथसागर समुद्रासारखा पसरलेला आहे. हिवाळ्यात उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात. पुढे गोदावरीच्या काठाने आपेगाव, म्हणजे माउलींचं गाव. पैठणहून सकाळी निघून आपेगावला दर्शन घ्यायचं, डबा खायचा आणि उन्हं कलायच्या आत परत यायचं. कागदावर याहून चांगला बेत सापडणार नाही.

पण सराटे.

ज्यांनी शेतात अनवाणी पाऊल टाकलंय त्यांना सराटा सांगायला नको. पावसाळ्यात हे वेल जमिनीला चिकटून पसरतात, पिवळी इवली फुलं येतात, आणि नेमके हिवाळ्यात, आपण सायकली बाहेर काढतो तेव्हाच, त्यांची फळं वाळून रस्त्यावर विखुरतात. ते कसंही पडलं तरी त्याचं एक टोक वर राहतंच. मुरमाच्या रंगात ते दिसत नाही. डांबरी रस्त्यावर वाहतुकीने ते कडेला झाडलं जातं, कालव्याच्या काठावर झाडणारं कुणी नसतं. जी निर्जनता आपल्याला हवी असते तीच त्यांना जागेवर ठेवते. त्यात काठावरची वेडी बाभूळ तोडून फांद्या ओढत नेलेल्या असल्या तर तिचे काटेही वाटभर.

पहिल्या वेळी दोन पंक्चर झाले, आम्ही नशिबाला बोल लावला. दुसऱ्या वेळी टायरच्या आत पट्टी घालून गेलो, तरी एक झालाच. तिसऱ्या वेळी, डिसेंबरातल्या एका रविवारी, चार सायकलींत मिळून सात. लेकीच्या सायकलीचं पुढचं चाक काढून ट्यूब कालव्याच्या पाण्यात बुडवली तर बुडबुडे तीन जागांहून. ठिगळ लावणं सोपं असतं. टायरच्या आत मोडून राहिलेलं टोक शोधणं अवघड असतं. बोटाने चाचपताना ते लागत नाही, हवा भरून दहा मिनिटं चाललं की नव्या ट्यूबला टोचतं. सोल्यूशनची ट्यूब संपली, ठिगळं संपली, साडेअकरा वाजून गेले होते, आणि लेक सायकल हातात धरून गप्प चालत होती. ती रडली असती तर मला कमी वाईट वाटलं असतं. दाजी फक्त एवढंच म्हणाले, “आपण पोरीला नदी दाखवायला आणलंय ना?”

शेवटी एका शेतकरीदादांनी सायकली आपल्या टेम्पोत घातल्या आणि जवळच्या गावात पंक्चरच्या दुकानापर्यंत सोडलं. तिथेही माझ्या सायकलीचा बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह दुकानातल्या मोटारसायकलीच्या हवेला बसेना. जोडणीची टोपी मी घरी विसरलो होतो, ती चूक माझीच. दाजींच्या साध्या काळ्या सायकलीला मात्र जुनी व्हॉल्व्ह ट्यूब चालली आणि हातपंपाने हवाही भरली गेली. आपेगावला पोचलो तेव्हा दोन वाजले होते आणि समाधानाने बसायची कुणाचीच अवस्था नव्हती.

आता जाड टायर आणि आत पंक्चरबंद द्रव असेल तर हे सगळं टळेल, असं सांगणारे भेटतात, आणि त्यांचं खरंही असेल. माझ्याकडे तशी सायकल नाही आणि लेकरांच्या सायकलींना तर सहसा नसतेच. आणखी एक गोष्ट ओझरती सांगून ठेवतो. शेतीसाठी पाण्याची पाळी सुटलेली असताना कालवा काठोकाठ वाहतो, अस्तराची बाजू तिरपी आणि निसरडी असते. लेकरं सोबत असली की नजर पाण्यावरून हटत नाही. तो रस्ता पाटबंधारे खात्याचा, कुणी हटकलं तर खाली उतरावं हे उत्तम.

तेरला धाराशिवहून जायचं, वीसेक किलोमीटर. रस्ता डांबरी. निर्जन म्हणता येणार नाही. दूध घालायला निघालेल्या मोटारसायकली, शाळेची गाडी, आणि गळीत हंगामात उसाचे दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर. ट्रॅक्टर आला की सरळ रस्त्याखाली उतरून थांबायचं, दुसरा विचार करायचा नाही. अगदी टेबलासारखं सपाटही नाही. जाताना हलका उतार, येताना तोच चढ, पण गिअर नसलेल्या सायकलीवरून दाजी न उतरता आले, यावरून काय ते समजा. दोन्ही बाजूंना ज्वारी, हरभरा, करडई. ओळखीचं शेत असेल तर जानेवारीत हुरडा. आणि तिन्ही खेपांत मिळून आमचा एकच पंक्चर, तोही खिळ्याने.

तेरचं वैभव पैठणसारखं समोर येत नाही. गाव लहान, गल्ल्या अरुंद, आणि म्हणूनच सायकलसारखं वाहन नाही. त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे, मागची बाजू गोलाकार आणि छत बैलगाडीवर कमान धरून ताडपत्री घातल्यासारखं. लेण्यांतली चैत्यगृहं, म्हणजे बौद्धांची प्रार्थनेची दालनं, पाहिलेल्या माणसाला ती घडण लगेच ओळखू येते. मुळात हा बौद्ध चैत्य असावा असं अभ्यासकांनी मांडलं आहे. आत आज त्रिविक्रम उभा आहे, पूजा चालू आहे. उत्तरेश्वराचं देऊळही विटांचंच. नदीकाठी गोरोबाकाकांची समाधी. थापटण्याने संतांची डोकी तपासून नामदेवांना कच्चं मडकं ठरवल्याची गोष्ट मी लेकीला तिथेच, तेरणेच्या काठावर बसून सांगितली. कालव्यावर गोष्ट सांगायला उसंतच मिळाली नव्हती.

आणि वस्तुसंग्रहालय. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावातल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवरून, शेतांतून वेचलेल्या वस्तूंवर ते उभं राहिलं. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती, रोमन नाण्यांच्या धर्तीवरची पदकं, आणि ती हस्तिदंती बाहुली. वीतभरही नसेल. इटलीत पाँपेईच्या राखेत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं नातं सांगितलं जातं. लेक तिच्यासमोर बराच वेळ उभी होती, मग म्हणाली, “बाबा, हिचे केस कुणी विंचरले असतील?” एवढ्या लहान गावात एवढी मोठी गोष्ट ठेवलेली असते. सोमवारी मात्र जाऊ नका, सरकारी संग्रहालयं त्या दिवशी सहसा बंद असतात.

पक्ष्यांची आवड असेल, जाड टायरच्या सायकली असतील, सोबत सगळी मोठी माणसं असतील, तर पैठणला जरूर जा. त्या पाण्याकाठची पहाट मी विसरलेलो नाही, आणि तुमचा अनुभव माझ्यापेक्षा वेगळा येऊ शकतो. नाथषष्ठीच्या दिवसांत मात्र गर्दीमुळे सायकलचा विचार सोडा. लेकरं, साध्या सायकली आणि एकच सुट्टी असेल तर माझ्या मते तेर.

जायचं ठरलं तर धाराशिवहून सकाळी साडेसहाला निघा. तेर ईशान्येला आहे, सकाळचं ऊन उजव्या बाजूने तिरपं डोळ्यांवर येतं, म्हणून टोपीला पुढे चांगला छज्जा असू द्या. परतीला तीन वाजता निघालात तर चढ सावकाश चढून उजेडात पोचता. पंप, चार ठिगळं आणि त्या व्हॉल्व्हची टोपी तरीही सोबत ठेवा. माझी आता पिशवीच्या बंदालाच बांधलेली असते.