स्पीड टेस्ट ९८, टोरंट ६० केबी! वर्षाचे पैसे भरायच्या आधी हे वाचा

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, घरातनंच कॉम्प्युटर रिपेरी करतो. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाकून देणं हे निम्मं काम, त्यामुळं उबंटू, मिंट असल्या लिनक्सच्या फाईली सारख्या उतरवाव्या लागतात आणि त्या मी टोरंटनं घेतो, म्हणजे एका साईटवरनं नाही तर ती फाईल असलेल्या बऱ्याच जणांच्या कॉम्प्युटरवरनं तुकड्यातुकड्यानं, कारण मधेच लाईट गेली तरी थांबलंय तिथनं पुढं चालू होतं.

दिवाळीच्या सुमारास एका लोकल नेटवाल्याचा पोरगा दारात आला. १०० एमबीपीएस, अनलिमिटेड, वर्षाचे एकदम भरले तर दोन महिने जादा, राऊटर फुकट. हॉलमध्ये उभं राहून मोबाईलवर स्पीड टेस्ट लावली, काटा ९८ वर, म्हणजे सेकंदाला साधारण १२ एमबी. मी तिथंच पैसे सोडले.

पहिला आठवडा नाद खुळा. मग संध्याकाळी सात वाजले की टोरंट सेकंदाला ६० केबीवर यायला लागलं. सहा जीबीची फाईल, हिशोब करा, सव्वा दिवस! आणि तीच फाईल ब्राउझरमधनं डायरेक्ट घेतली की १० एमबीनं येतीय, यूट्यूब पळतंय, स्पीड टेस्ट पळतीय, फक्त टोरंट मेलंय, आणि रात्री दीड वाजता तेच टोरंट परत सुसाट.

फोन केला तर "सर वायफायचा प्रॉब्लेम असेल". लॅपटॉपला वायर लावून बघितलं, तेच. मग म्हणे राऊटर साधा आहे, ड्युअल बँड घ्या. अरे तुम्हीच दिलेला की! तरी घेतला, १८०० गेले. मग म्हणे २०० चा प्लॅन करा. तोही केला, आता अक्कल काढू नका माझी. ६० चे ६५ पण झाले नाहीत.

शेवटी भाचा म्हणाला, "मामा, व्हीपीएन लावून बघ की." व्हीपीएन म्हणजे आपलं नेट कुलूपबंद करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं सॉफ्टवेअर. लावला आणि टोरंट थेट ११ एमबीवर. बंद केला, ६० केबी. परत चालू, परत ११. तीच वायर, तीच फाईल, रात्रीचे तेच नऊ. व्हीपीएनमध्ये आत काय चाललंय ते कंपनीला दिसत नाही, त्यामुळं टोरंट ओळखून त्याचा गळा दाबता येत नाही. साहजिकच स्पीड टेस्टला कोण हात लावत नाही, गिऱ्हाईक तेच बघतंय ना.

हे घेऊन परत फोन केला तर उत्तर काय, "सर टोरंट इल्लीगल असतं". पिक्चर चोरणं बेकायदेशीर आहे राव, टोरंट ही नुसती फाईल वाटायची पद्धत आहे, उबंटूवाले स्वतःच्या साईटवर टोरंट देतात. २००७ साली अमेरिकेत कॉमकास्ट या नेट कंपनीनं हेच केलं होतं, दोन कॉम्प्युटरच्या मधे खोटे 'कनेक्शन तोडा' असे मेसेज घुसवायचे. पकडलं कुणी, तर जुनी गाणी शेअर करणाऱ्या एका गिऱ्हाईकानं. कंपनी आधी नाहीच म्हणत होती.

आता त्यांचीही बाजू सांगतो. टोरंट एकावेळी शेकडो कनेक्शन उघडतं, अपलोड पण खातं, आणि लोकल नेटवाला वरनं घेतलेली लाईन सगळ्या गल्लीत वाटून देतो. संध्याकाळी थोडं आवरावं लागत असेल, मान्य. पण मग तसं सांगा की, अनलिमिटेड कशाला म्हणता? आपल्याकडं २०१८ ला सरकारनं नेट न्यूट्रॅलिटी (नेट कशाला वापरताय त्यावरनं भेदभाव करायचा नाही हे तत्त्व) मान्य केलीय, ट्रॅफिक आवरायची मुभा आहे पण ती तात्पुरती, गरजेपुरती आणि उघडपणे. रोज सात ते बारा गुपचूप, हे कुठं बसतं?

कुणी नवीन कनेक्शन घेत असाल तर एक महिन्याचेच पैसे भरा, आणि रात्री नऊला लिनक्सची एखादी फाईल टोरंटनं लावून बघा, एकदा व्हीपीएननं आणि एकदा बिगर व्हीपीएननं. दोन्हीचे स्क्रीनशॉट ठेवा. तक्रार केली की डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) मागून घ्या, त्यांनी दाद दिली नाही तर त्यांच्याच अपिलेट अथॉरिटीकडं (तक्रारीवर अपील करायची वरची जागा) जाता येतं, नंबर नसला तर तिथं काही चालत नाही. मी पहिल्या चार फोनला नंबर घेतलाच नव्हता. पैसे परत मागितले तर "ऑफर प्लॅनला रिफंड नाही सर".

परवा खालच्या मजल्यावर काकांच्या दारात तोच पोरगा मोबाईलवर स्पीड टेस्ट दाखवत उभा. मी चप्पल न घालता जिना उतरलो, तोवर काकांनी क्यूआर स्कॅन करून टाकला होता.