रास्पबेरी पायचा लॅपटॉप घरी बांधायचा, की जुना लॅपटॉप घ्यायचा? आणि बांधायचाच तर कोणता?

माझी भाची तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत घरी आली आणि फराळाच्या ताटासमोरच तिने विचारलं, "मावशी, पायचा लॅपटॉप स्वतः बनवू, का सेकंडहँड घेऊ?" मी आजवर असे दोन बांधलेत, त्यामुळे उत्तर द्यायला दोन संध्याकाळी गेल्या. रास्पबेरी पाय, म्हणजे तळहातावर मावणारा, एकाच बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर. त्याचाच हिशेब इथे मांडते आहे. तिच्यासारख्याच विचारात असलेल्या कुणालाही तो उपयोगी पडावा.

बहुतेक जण बोर्डापासून सुरुवात करतात. पाय ४ की पाय ५, मेमरी ४ जीबी की ८ जीबी, याच्यावर तासन्‌तास चर्चा चालते. पण घरी बांधलेला लॅपटॉप चालतो की कपाटात पडून राहतो, हे विजेवर ठरतं. बॅटरीतून बोर्डापर्यंत नीट पाच व्होल्ट पोहोचले तर बाकी सगळं हळूहळू जमतं. ते नाही पोहोचले तर सगळ्यात महाग बोर्डही रडतो.

माझ्या पहिल्या लॅपटॉपचंच सांगते. भावाच्या बंद पडलेल्या लॅपटॉपमधला १५.६ इंची स्क्रीन काढला, त्याला एचडीएमआयचा कंट्रोलर बोर्ड (पायकडून येणारं चित्र स्क्रीनला समजेल असं करणारा) जोडला, पाय ४ बसवला आणि पॉवर बँक लावली. सुरू झालं, मी खूश. मग ब्राउझर उघडला आणि स्क्रीनच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकली. ते चिन्ह म्हणजे बोर्डाला मिळणारा विजेचा दाब (व्होल्टेज) ४.६३ व्होल्टच्या खाली गेला. असं झालं की पाय स्वतःचा वेग कमी करतो, आणि फारच खाली गेलं तर सरळ रीस्टार्ट होतो. दोन दिवस मी पॉवर बँकेवर संशय घेत होते. शेवटी मल्टिमीटर घेतला आणि बोर्डावरच्या दोन आणि सहा नंबरच्या पिनांवर (पाच व्होल्ट आणि ग्राउंड) टोकं टेकवली. आकडा आला ४.५. पॉवर बँकेच्या तोंडाशी मात्र ५.१ होते. मधली सहा दशांश खाल्ली होती दीड मीटरच्या बारीक केबलने! वीतभर लांबीची जाड केबल लावली, ४.९ झाले, पिवळी वीज गेली ती गेलीच.

पाय ४ की पाय ५

हे लक्षात ठेवून दोन्ही बोर्ड शेजारी ठेवून बघा. पाय ४ आला जून २०१९ मध्ये. त्याला पाच व्होल्टला तीन अँपियर पुरतात आणि एवढं बाजारातली कुठलीही बरी पॉवर बँक देते. पाय ५ ची घोषणा सप्टेंबर २०२३ ची. तो दुपटीहून वेगवान आहे हे खरं, पण त्याला पाच व्होल्टलाच पाच अँपियर लागतात. इथे सगळं अडतं. पॉवर बँका जास्त वॅट देतात त्या दाब नऊ, बारा, वीस व्होल्टपर्यंत वाढवून. पाच व्होल्टला बहुतेक सगळ्या तीन अँपियरवरच थांबतात. तीन अँपियर दिले तर पाय ५ चालतो, पण यूएसबीच्या चारही पोर्टना मिळून फक्त ६०० मिलिअँपियर देतो. कीबोर्ड-माउस निभावतात. एसएसडी (डेटा साठवायची वेगवान डिस्क) लावली की ती मध्येच गायब होते. यावर उपाय आहे. पॉवर बँकेतून बारा व्होल्ट घ्यायचे, आपला स्टेप-डाउन कन्व्हर्टर बसवून त्याचे पाच करायचे आणि बोर्डाच्या सेटिंगमध्ये पुरवठा पाच अँपियरचा आहे असं सांगायचं. ज्यांचा सोल्डरिंगवर हात बसला आहे त्यांनी हे जरूर करावं. पहिल्याच लॅपटॉपला मात्र मी सुचवणार नाही.

पाय ५ च्या बाजूने दोन गोष्टी आवर्जून सांगते. त्याला चालू-बंदचं बटण आहे आणि त्यात घड्याळ आहे. छोटी बॅटरी जोडली की वेळ टिकते. पाय ४ मध्ये घड्याळच नाही. प्रवासात नेट नसताना चालू केला की तो मागच्या वेळी बंद केला तिथूनच तारीख मोजायला लागतो. नंतर फोनचं नेट जोडलं तरी वेळ जुळेपर्यंत सुरक्षित वेबसाइटी उघडत नाहीत, आणि नेमकं काय बिघडलंय ते कळतही नाही. डीएस३२३१ नावाचं घड्याळाचं छोटं मॉड्यूल बसवलं की हे मिटतं. उलट पाय ४ ला हेडफोनची पिन आहे, पाय ५ ला ती काढून टाकली आहे. स्क्रीनच्या कंट्रोलर बोर्डाला आवाजाची पिन असेल तर ही अडचण उरत नाही, म्हणून तो घेताना बघून घ्या.

तिसरा उमेदवार पायचाच छोटा बोर्ड, झीरो २ डब्ल्यू. मेमरी अवघी ५१२ एमबी, आकार ६५ बाय ३० मिलिमीटर. यावर ब्राउझर चालवायचा विचार सोडा, दोन टॅबमध्ये जीव जातो. पण वीज इतकी कमी खातो की छोट्या स्क्रीनसह तो पॉवर बँकेवर दिवसभर चालतो. माझा दुसरा लॅपटॉप याच बोर्डाचा आहे. त्याच्यावर मी फक्त लिहिते आणि पायथनचे छोटे प्रोग्राम चालवते. एसटीच्या प्रवासात मांडीवर ठेवायला तो मला मोठ्यापेक्षा जास्त आवडतो.

स्क्रीन आणि पेटी

जुन्या लॅपटॉपचा पॅनेल वापरणं म्हणजे फुकटात मोठा स्क्रीन, असं वाटतं. पॅनेल फुकट असतो, कंट्रोलर बोर्ड विकत घ्यावा लागतो, आणि तो पॅनेलच्या मागच्या नंबरशी जुळणाराच लागतो. नव्या पॅनेलना बहुधा तीस पिनांचा ईडीपी जोड असतो, जुन्यांना चाळीस पिनांचा एलव्हीडीएस. दुकानदाराला नुसतं "पंधरा इंची" सांगू नका, मागच्या स्टिकरचा फोटो दाखवा. शिवाय यातले बरेच कंट्रोलर बारा व्होल्ट मागतात. म्हणजे एका पेटीत पाच आणि बारा असे दोन दाब सांभाळायचे. त्यापेक्षा दहा इंची एचडीएमआय स्क्रीन, जो यूएसबीच्या पाच व्होल्टवरच चालतो, तो घ्या. डोळ्यांना थोडा लहान पडेल, पण अर्धं वायरिंग वाचेल.

विजेचा हिशेबही स्क्रीनच बिघडवतो. हलक्या कामात पाय ४ साधारण चार वॅट घेतो, मोठा पॅनेल आणि त्याचा कंट्रोलर मिळून सहा-सात. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॅट-तास, कारण ते एमएएच आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला मोजलेले असतात. दाब वाढवताना त्यातलं थोडं उष्णतेत जातं. उरलेल्या साठेक वॅट-तासांत मोठ्या स्क्रीनवर पाचेक तास मिळतात, दहा इंचीवर सात-आठ.

सुटे १८६५० सेल (गोल नळीसारखे लिथियम सेल) घेऊन स्वतःचा पॅक बांधायचा मोह होतो. मला पण झाला होता. घरात लहान मूल असेल आणि चार्जिंग सर्किटचा अनुभव नसेल तर नका करू. लिथियम सेलचं शॉर्टसर्किट म्हणजे आग. निदान एवढं तरी पाळा: या आकाराच्या सेलवर ९,९०० एमएएच छापलेलं दिसलं तर तो घेऊच नका. चांगल्या कंपनीच्या सेलमध्येही साडेतीन हजारांच्या आसपासच मावतात. सीलबंद पॉवर बँक अख्खीच्या अख्खी पेटीत बसवणं हा कमीपणा नाही, शहाणपणा आहे. फक्त घेताना दुकानातच एक तपासा. पॉवर बँक पाय चालवत असताना तिला चार्जर लावा. बऱ्याच बँका त्या क्षणी पुरवठा क्षणभर तोडतात, आणि तेवढ्यात पाय बंद पडून मेमरी कार्डावरचा डेटा खराब होऊ शकतो.

पेटीबद्दल दोनच गोष्टी. पाय ४ आणि ५ च्या यूएसबी पोर्टची उंचीच दीड सेंटिमीटरच्या वर जाते, त्यामुळे बारीक लॅपटॉप होणार नाही, हे आधीच मान्य करा. आणि बिजागऱ्या. खऱ्या लॅपटॉपमध्ये खालचा भाग जड असतो, आपल्यात वरचा स्क्रीन जड होतो आणि झाकण उघडलं की सगळं मागे कलंडतं. पॉवर बँक तळहात टेकतो तिथे, पुढच्या कडेला बसवा. तिचंच वजन उपयोगी पडतं. जुन्या लॅपटॉपच्या बिजागऱ्या घट्ट असतात, त्या प्लायवूडमध्ये नुसत्या स्क्रूने धरत नाहीत, महिन्याभरात उपटून येतात. आरपार नट-बोल्ट आणि खाली अॅल्युमिनियमची पट्टी लागते. मी सहा मिलिमीटरचं प्लाय वापरलं आणि वर सनमायका लावला. अॅक्रेलिक हवं असेल तर नावाच्या पाट्या बनवणाऱ्याकडे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात आणि तो मापात कापूनही देतो. सुट्या वस्तूंसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. तिथे स्टिकरचा फोटो दाखवून, वस्तू चालवून बघून घेता येते. माझा पहिला कंट्रोलर बोर्ड मी एका दुकानातून न तपासता उचलला आणि घरी आल्यावर चित्र उलटं-सुलटं रंगांचं आलं. दुसरी फेरी मारावी लागली.

जुन्या लॅपटॉपचा कीबोर्ड मात्र सोडून द्या. त्याची पट्टी थेट यूएसबीला लागत नाही, मधे मायक्रोकंट्रोलर बसवून एकेक कळ ओळखावी लागते. टचपॅड असलेला बारीक वायरलेस कीबोर्ड आणा आणि पुढे चला.

न बांधता मिळणारे मार्ग

पेटीच नको असेल तर कीबोर्डमध्येच पाय असलेले मॉडेल आहेत: नोव्हेंबर २०२० चा पाय ४०० आणि डिसेंबर २०२४ चा पाय ५००. ४०० च्या आत ४ जीबीचा पाय ४ च आहे, तीन अँपियरवर चालतो. सोबत पोर्टेबल मॉनिटर आणि पॉवर बँक दप्तरात टाकली की वसतिगृहाच्या टेबलावर छान काम होतं. मांडीवर किंवा बसमध्ये मात्र जमत नाही.

दुसरा मार्ग लॅपडॉक, म्हणजे स्क्रीन, कीबोर्ड आणि बॅटरी असलेला पण आत कॉम्प्युटर नसलेला सांगाडा. मोटोरोलाने २०११ मध्ये अॅट्रिक्स फोनसाठी असा डॉक काढला होता. तो फोनबरोबर फारसा चालला नाही, पण पहिला पाय फेब्रुवारी २०१२ मध्ये आल्यावर हौशी लोकांनी स्वस्तात निघालेले ते डॉक उचलून पायला जोडले. आजही नवे लॅपडॉक मिळतात. दिसायला सगळ्यात नीटस हाच मार्ग. पण बाहेरून मागवला तर आयात शुल्क धरून हिशेब करा, आणि तो बोर्डाला किती अँपियर देतो हे वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

आणि तिसरा, सेकंडहँड लॅपटॉप. उदाहरणार्थ २०१८ चा थिंकपॅड टी४८०: दोन बॅटऱ्या, मागची बदलता येणारी, मेमरी वाढवता येणारी, लिनक्स त्यावर सुरळीत चालतो. पैशांत बघाल तर पाय, स्क्रीन, कंट्रोलर, पॉवर बँक, कीबोर्ड, घड्याळ, एसएसडी आणि वाया गेलेल्या वस्तू असं सगळं धरून घरचा लॅपटॉप त्याच्या जवळपास जातो. त्यात २०२५ च्या अखेरीस मेमरी चिप्स महागल्या आणि पायच्याही किमती वाढल्या, तेव्हा भाव घेण्याच्या दिवशीच बघा. रोजच्या वापरातला मोठा फरक वेगळाच आहे. थिंकपॅडचं झाकण मिटलं की तो झोपतो, उघडलं की काम तिथेच असतं. पायला झोपताच येत नाही. झाकण मिटलं तरी तो वीज खात राहतो, नाहीतर रोज दहादा नीट बंद करा आणि चालू होण्याची वाट बघा. तासांच्या मध्ये पाच-पाच मिनिटांत नोंदी करणाऱ्या मुलीला हे जाचतं.

म्हणून भाचीला मी सांगितलं ते असं. कॉलेजचं काम, प्रोजेक्ट रिपोर्ट, ऑनलाइन लेक्चर यासाठी एकच यंत्र घ्यायचं असेल तर सेकंडहँड लॅपटॉप, दुसरा विचार नको. तो घरात असेल आणि इलेक्ट्रॉनिक्स हाताने शिकायचं असेल तर पाय ४, ४ जीबीचा, दहा इंची स्क्रीन, सीलबंद पॉवर बँक. पाय ४ च्या बोर्डावरच्या चाळीस पिना पेटीबाहेर काढून ठेवल्या की बागेतल्या मातीचा ओलावा मोजणारा डिजिटल सेन्सर थेट लॅपटॉपला लावता येतो, जे थिंकपॅडला जमत नाही. स्वतः जोडलेली प्रत्येक वायर तिला माहीत असेल, बिघडलं तर कुठे बघायचं हेही. माझ्या मते शिकणाऱ्यासाठी याची किंमत मोठी आहे. मराठी टायपिंगची काळजी नको, पायची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम, रास्पबेरी पाय ओएस, डेबियन या लिनक्सवर बेतलेली आहे. आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याची एम१७एन जोड बसवली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो आणि लिब्रे ऑफिसमध्ये देवनागरी स्वच्छ उमटते.

तिने पाय ४ ठरवलाय. मी तिला पहिला आठवडा पेटी बनवायला मनाई केली आहे. सगळं टेबलावर उघडं मांडायचं, आखूड केबल लावायची, पॉवर बँक पूर्ण भरून एकदा शेवटपर्यंत संपवायची, व्हिडिओ चालू ठेवायचा, चार टॅब उघडायचे आणि दर तासाला मल्टिमीटरचा आकडा वहीत लिहायचा. चिप ८० अंशांवर गेली की वेग कमी होतो, म्हणून तापमानही सोबत लिहायचं. कोपऱ्यात पिवळी वीज एकदाही दिसली नाही तरच प्लायवूड आणायला तपकीर गल्लीच्या पुढच्या लाकडाच्या दुकानात जायचं.