व्हीएस कोडमध्ये मराठी 'शोधा आणि बदला': आठ महिन्यांचा अनुभव

बेळगावच्या खडेबाजारातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात मजकूर साफ करायचं काम मी आठ महिन्यांपासून व्हीएस कोड या मजकूर संपादकात करतोय. सुरुवात झाली ती एका पतसंस्थेच्या फायलीपासून. सभासदांच्या पत्त्यांत 'बेळगाव'चं 'बेळगावी' करून हवं होतं. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव तेच आहे. पण त्याच फायलीत वार्षिक अहवालही होता, आणि मराठी लिहिताना आपण बेळगावच लिहितो.

कंट्रोल एच दाबलं, दोन्ही शब्द भरले, सगळं एकदम बदललं. 'बेळगावात'चं 'बेळगावीात' झालं, आणि आधीच 'बेळगावी' होतं तिथे दोन दोन वेलांट्या! कंट्रोल झेडनं सगळं परत आलं, पण धडधड व्हायची ती झालीच. आपल्या शब्दाला प्रत्यय चिकटलेला असतो, तो विसरून चालत नाही.

मार्ग सापडला शोधचौकटीतल्या टिंब-ताऱ्याच्या बटणात. ते चालू केलं की रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे नुसत्या शब्दाऐवजी अटींसकट शोधायचा नमुना, लिहिता येतं. पत्त्यात शहर किंवा जिल्हा म्हणून आलेल्या बेळगावनंतर पिनकोड येतो: शहराचा ५९०००१, खानापूरचा ५९१३०२, निपाणीचा ५९१२३७. सगळे ५९ नं सुरू होतात. म्हणून शोधलं:

बेळगाव(?= ?- ?५९)

म्हणजे पुढे डॅश आणि ५९ असेल तरच हा शब्द धर; मध्ये जागा असो वा नसो. कंसातला भाग फक्त पाहिला जातो, बदलत नाही. अहवालातलं एकही बेळगाव हललं नाही. मला फार आनंद झाला.

नुसतं 'गाव' हवं असेल, 'बेळगाव' किंवा 'गावात' नको असेल, तर शेजारचं पूर्ण शब्दाचं बटण पुरतं. अनेक फायलींसाठी कंट्रोल शिफ्ट एच; तिथे बदलाआधी जुनं-नवं दोन्ही दिसतं. तरी फोल्डरची प्रत आधी काढून ठेवाच.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते 'दुसऱ्या' या शब्दापायी. डोळ्यांना शब्द दिसतोय, शोध म्हणतोय नाही. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात हा अर्धा र साधा र, हलंत आणि न दिसणारं एक जोडचिन्ह असा बनलेला होता. माझा कीबोर्ड मात्र नुक्त्याचा ऱ आणि हलंत टाइप करतो. दिसायला सारखे, आतून वेगळे. उपाय सोपा: फायलीतलाच तो तुकडा कॉपी करून शोधचौकटीत टाकायचा, खाली आपला 'ऱ्' लिहायचा. नवी फाइल आली की आता आधी हेच करतो, बाकीचा शोध मग.