‘कंप्रेसर गेलाय’ म्हणणाऱ्याला आधी मीटर लावायला सांगा

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, खानापूर या पट्ट्यात ज्यांच्या घरी दहा-बारा वर्षांचा जुना एसी आहे, त्यांनी उन्हाळा लागायच्या आत हे वाचावं म्हणून लिहिते आहे. आमच्या जतला एप्रिल उजाडला की पारा चाळीसच्या वर जातो, हवा कोरडी ठाक असते आणि जुनी मशिनं नेमकी त्याच दिवसांत बंद पडतात. अशा वेळी दुरुस्तीला येणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं, ‘कंप्रेसर गेलाय.’ आमची फसवणूक सगळी या एका वाक्यावर झाली.

आमचा एसी हॉट अँड कोल्ड होता, दीड टनाचा, २०१४ साली घेतलेला. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांच्या खोलीसाठी घेतला होता. उन्हाळ्यात गारवा आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ऊब, दोन्ही एकाच मशीनमधून. यात वेगळा हीटर नसतो. बाहेरच्या युनिटमध्ये फोर-वे व्हॉल्व्ह नावाचा भाग असतो, तो गॅसची दिशा उलटी करतो. उन्हाळ्यात खोलीतली उष्णता बाहेर टाकणारं मशीन मग थंडीत बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतं. उष्णता नव्यानं तयार करायची नसते, फक्त उचलून आणायची असते, त्यामुळे साध्या हीटरपेक्षा वीज बरीच कमी जाते. या व्हॉल्व्हचा विषय पुढे येणार आहे म्हणून इतकं सांगितलं.

२०२५ च्या एप्रिलमध्ये भर दुपारी एसीतून गरम वारा यायला लागला. आतला पंखा नीट फिरत होता. बाहेरचं युनिट मात्र थोड्या थोड्या वेळानं ‘घूंऽऽ’ करायचं आणि ‘टक्’ असा आवाज होऊन गप्प बसायचं. मुलानं इंटरनेटवर कंपनीच्या नावानं कस्टमर केअरचा नंबर शोधला. सगळ्यात वर आलेल्या नंबरवर फोन उचलणाऱ्यानं कंपनीचंच नाव घेतलं, मॉडेल विचारलं, तक्रार क्रमांकसुद्धा दिला. तो नंबर कंपनीचा नव्हताच. दोनेक तासांत माणूस दारात हजर. टी-शर्टवर कंपनीचं चिन्ह, गळ्यात ओळखपत्र, हातात मीटर.

त्यानं आउटडोअरचं झाकण काढलं, कंप्रेसरच्या टर्मिनलला मीटरच्या दोन काड्या टेकवल्या आणि काटा हलत नाही हे मला दाखवलं. “बघा वहिनी, वायंडिंग तुटलंय. कंप्रेसर गेलाय. अकरा वर्षांचं मशीन, आर-बावीस गॅसचं, आता ह्यात पैसे घालण्यात काय राम नाही.” वायंडिंग म्हणजे कंप्रेसरच्या मोटरमधली तारेची गुंडाळी, आणि आर-बावीस म्हणजे आर-२२, जुन्या मशिनांत गारवा आणणारा गॅस. मग तो मामांच्या खोलीत डोकावला. मामा घामानं भिजलेले, बोलता येत नाही, नुसते छताकडे बघत पडलेले. “आजोबांना असं ठेवू नका. सांगलीच्या गोडाऊनला एक पीस आहे, हॉट अँड कोल्डच, फाइव्ह स्टार इन्व्हर्टर. संध्याकाळपर्यंत बसवून देतो.” भाव सांगितला अडतीस हजार, त्यातून जुन्या मशीनचे दीड हजार वजा. आजारी माणूस बघून त्यानं घाईची किंमत लावली, हे मला आजही सहन होत नाही.

पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, “बिल पाहिजे असेल तर अठ्ठावीस टक्के जीएसटी वर पडेल.” एका कागदावर ‘एस्टिमेट’ म्हणून रक्कम लिहिली, खाली सही. पैसे यूपीआयनं घेतले, तेही एका व्यक्तीच्या खात्यावर. इथं एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. खोक्यावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. एसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, पण २८ असो की १८, बिल दिलं म्हणून तो एमआरपीवर वेगळा लावता येत नाही. ‘बिलाचे वेगळे’ असं जो म्हणतो त्याला माल कुठून आणला हे लपवायचं असतं.

मशीन संध्याकाळी टेम्पोतून आलं, खोक्याशिवाय. “डिस्प्ले पीस आहे म्हणून स्वस्त पडतंय.” रात्री खोली थोडी गार झाली. दुसऱ्या दुपारपासून मात्र मशीन अखंड चालू आणि खोली कोमटच. फोन केला की उत्तर तयार, “बेचाळीस डिग्रीत एवढंच होणार, मॅडम.” हे वाक्य फसवं आहे, कारण ते अर्धं खरं आहे. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजतात. त्यापुढं ऊन वाढलं की क्षमता खरंच घटते. पण किती? मी शाळेत विज्ञान शिकवते. प्रयोगशाळेतला तापमापक घरी आणला आणि इनडोअरमध्ये वरून शिरणारी हवा आणि खालून बाहेर पडणारी हवा मोजली. आत जाताना ३३, बाहेर येताना २७. सहाच अंशांचा फरक. चांगल्या चालणाऱ्या एसीत तो साधारण दहा-बारा अंश तरी असायला हवा. हे मोजायला कुणी तज्ज्ञ लागत नाही, दीड-दोनशे रुपयांचा तापमापक पुरतो.

मे महिन्यात आमच्या मागच्या गल्लीतल्या काकांचा एसी तसाच बंद पडला. तेच ‘घूं’, तेच ‘टक्’. त्यांच्याकडेही आमच्याकडे आलेलाच माणूस आला, त्यानं तीच काडी टेकवून दाखवली आणि तेच सांगितलं. काकांचा मुलगा मिरजेला असतो, त्यानं तिथल्या एका जुन्या मिस्त्रींना पाठवलं. मी मुद्दाम जाऊन उभी राहिले.

मिस्त्रींनी आधी कंप्रेसरला हात लावून बघितला आणि लगेच काढला. “आत्ता मीटर लावून उपयोग नाही, ताई. हा तापलाय.” त्यांनी समजावलं ते असं. कंप्रेसरच्या आत ओव्हरलोड नावाचं संरक्षण असतं. कंप्रेसर फार तापला की ते स्वतःच लाइन तोडतं आणि थंड झाला की पुन्हा जोडतं. कंप्रेसरला वीज जोडायची तीन टोकं, म्हणजे टर्मिनल, असतात, कॉमन, रनिंग आणि स्टार्टिंग. तापलेल्या अवस्थेत कॉमनच्या टर्मिनलवर मीटर लावला तर वायंडिंग तुटल्यासारखंच दिसणार. आमच्या दारात दाखवलेला ‘पुरावा’ हाच होता. उन्हात तापलेलं युनिट, लगेच लावलेला मीटर, न हललेला काटा.

मिस्त्री चहा घेऊन थांबले. ऊन उतरलं, कंप्रेसर निवला, मग त्यांनी तिन्ही टर्मिनल मोजले. कॉमन ते रनिंग, कॉमन ते स्टार्टिंग, आणि शेवटी रनिंग ते स्टार्टिंग. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज तिसऱ्याइतकी आली. मग प्रत्येक टर्मिनल आणि कंप्रेसरचं लोखंडी अंग यांच्यात मोजलं, तिथं काहीच जोड दिसला नाही, म्हणजे बॉडी शॉर्ट नाही, वायंडिंगची वीज लोखंडी अंगात उतरत नाही. “वायंडिंग सोन्यासारखं आहे,” ते म्हणाले आणि कॅपॅसिटर उपसून माझ्या हातात दिला. ॲल्युमिनियमची डबी, वरचं झाकण फुगून घुमटासारखं झालेलं. अंगावर ५० एमएफडी (मायक्रोफॅरड, कॅपॅसिटरची क्षमता मोजायचं माप) लिहिलेलं, मीटरवर १९. कंप्रेसरला सुरू व्हायला लागणारा जोर हा कॅपॅसिटर देतो. तो अशक्त झाला की कंप्रेसर नुसता गुरगुरतो, तापतो आणि ओव्हरलोडवर बंद पडतो. आपल्याकडच्या उन्हात आणि संध्याकाळच्या पडलेल्या व्होल्टेजमध्ये हा भाग लवकर जातो. नवा कॅपॅसिटर आणि मजुरी मिळून साडेसहाशे रुपये झाले. काकांचं मशीन त्याच रात्री झकास चालू झालं, अजून चालू आहे.

मग त्यांना आमच्या घरी नेलं. आउटडोअर बघताक्षणी ते म्हणाले, “हे नवं नाही.” स्क्रूच्या खाचेत पांढरा रंग भरलेला होता. कारखान्यात पत्र्याला रंग आधी देतात आणि स्क्रू नंतर बसवतात, त्यामुळे नव्या मशीनच्या स्क्रूवर रंग असायचं कारण नाही. बाजूला चकचकीत स्टिकर होता, त्याचा एक कोपरा उन्हानं सुटला होता. मिस्त्रींनी नख घालून तो हळूहळू सोलला. खाली दुसरी प्लेट निघाली. तिच्यावरचा सिरीयल नंबर पत्र्यासकट घासून टाकलेला, पण गॅसची ओळ शाबूत होती, आर-२२. वरच्या खोट्या स्टिकरवर आर-३२, म्हणजे नव्या मशिनांतला गॅस, छापलेलं. ज्या गॅसचं मशीन ‘जुनं झालं’ म्हणून आमच्याकडून उचललं, त्याच गॅसचं दुसऱ्या कुणाचं तरी जुनं मशीन आम्हाला नवं म्हणून विकलं होतं. आर-२२ वापरून नवीन एसी बनवणं आपल्या देशात २०२४ च्या अखेरीस थांबलं आहे, ते फक्त जुन्या मशिनांच्या दुरुस्तीपुरतं मिळतं. म्हणजे ‘यंदाचा माल’ म्हणून दिलेल्या मशीनवर ही अक्षरं दिसली की पुढचं काही तपासायलाच नको.

झाकण काढल्यावर राहिलेलंही उघडं पडलं. आत फोर-वे व्हॉल्व्हच नाही. म्हणजे हॉट अँड कोल्ड खोटं. रिमोटवर सूर्याचं चिन्ह होतं, ते दाबलं तरी डिसेंबरात मामांच्या खोलीत गरम वारा कधीच आला नसता. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर, लावला तर मशीन पूर्ण करंट घेत होतं, आणि थर्मोस्टॅट खाली आणून वर केला की झटक्यात कट-ऑफ. इन्व्हर्टर मशीन खोली गार झाली की करंट कमी करत हळू चालतं, सहसा असं झटक्यात बंद-चालू होत नाही. म्हणजे इन्व्हर्टरही खोटं. कंपनीच्या पुस्तिकेवरच्या खऱ्या नंबरवर इनडोअरचा सिरीयल सांगितला, तर तो एसी काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच जिल्ह्यात विकला गेल्याची नोंद निघाली. स्टार लेबलसुद्धा बनावट. स्टार लेबल देणाऱ्या बीईई या सरकारी संस्थेचं (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो) ॲप आहे, त्यात मॉडेल घालून बघता येतं, आमच्या लेबलवरचं मॉडेल त्यात सापडलं नाही.

आणि आमचं जुनं मशीन? तेही तोच घेऊन गेला. त्यात काही किलो तांबं होतं, नुसत्या भंगाराचा भाव दीड हजारांच्या कितीतरी वर जातो. लक्षणं बघता त्याचाही कॅपॅसिटरच गेला असणार, असं मिस्त्रींचं मत. पण मशीनच हातात नाही, तर सिद्ध काय करणार? म्हणून हात जोडून सांगते, नवं बसवलं तरी जुनं त्याच दिवशी देऊ नका. चार दिवस गच्चीवर राहू द्या. दुसऱ्या माणसानं ते बघेपर्यंत तोच तुमचा एकमेव पुरावा असतो.

जुना एसी कधीच बदलू नये, असं माझं म्हणणं नाही. कंप्रेसर खरोखर बॉडी शॉर्ट असेल, किंवा कॉइल ठिकठिकाणी गळत असेल, तर दहा वर्षांच्या मशीनवर खर्च करण्यात अर्थ नसतो, हे मिस्त्रीही म्हणाले. बदला, पण दुकानातून बदला. खोकं आपल्यासमोर फोडून घ्या, बिलावर इनडोअर आणि आउटडोअर दोन्हींचे सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि वॉरंटीची नोंद बसवणारा घरात असतानाच कंपनीकडे करा. ‘दरवर्षी गॅस भरावाच लागतो’ हेही ऐकून घेऊ नका. एसीचा गॅस बंद नळ्यांत फिरतो, पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठंतरी गळती आहे. ती शोधून, बुजवून, व्हॅक्यूम करून, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून काढून, मगच गॅस भरायचा असतो. गळती न शोधता गॅस भरणारा पुढच्या वर्षीच्या कमाईची सोय करून जातो.

आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. यूपीआयनं पैसे गेले होते म्हणून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवरही कळवलं, आणि पोलिसांत अर्ज दिला. १९३० वर जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त, आमच्या बाबतीत महिना उलटून गेला होता. त्यानंतर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. एस्टिमेटचा कागद, यूपीआयची पावती, त्याचे व्हॉट्सॲप मेसेज, सोललेल्या स्टिकरचे आणि खालच्या प्लेटचे फोटो, मिस्त्रींचा लेखी अहवाल, एवढं जोडलं आहे. ते मशीन अजून भिंतीवर आहे, आयोगाला तपासायचं असेल म्हणून काढलेलं नाही. मामांच्या खोलीत आम्ही सांगलीच्या दुकानातून बिलासकट दुसरा एसी बसवला.

प्रकरण आयोगापुढे आहे, म्हणून त्या माणसाचं नाव किंवा तो नंबर इथं लिहीत नाही. पण आमच्या गल्लीबाहेरही तो येऊन गेला आहे, हे आता कानावर येतंय. ज्यांच्याकडे गेल्या दोन उन्हाळ्यांत असा खोक्याशिवायचा ‘डिस्प्ले पीस’ बसला आहे, त्यांनी आउटडोअरच्या स्क्रूच्या खाचा बघाव्यात आणि स्टिकरचा कोपरा उचलून बघावा. खाली दुसरी प्लेट निघाली तर फोटो काढून ठेवा, मशीनला हात लावू देऊ नका, आणि आपल्या नावानं तक्रार करा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५ प्रमाणे सारखंच नुकसान झालेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रारही करता येते. जतमधली अशी आणखी दोन घरं पुढे आली, तरी त्यासाठी अर्ज करायची माझी तयारी आहे. कागदपत्रं कशी लावायची ते मी शेजारी बसून दाखवेन.