लांब पार-थ्री: ओकमाँट की सायप्रस पॉइंट?

येरवड्याला गोल्फची राउंड संपली की चहावर हा वाद ठरलेलाच: अमेरिकेतल्या या दोन कोर्सांपैकी कुणाचं लांब पार-थ्री, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं होल, भारी? ओकमाँटचं आठवं होल २००७च्या यूएस ओपनमध्ये ३०० यार्डांपर्यंत ताणलं होतं. ड्रायव्हर (सगळ्यांत लांब मारायचा क्लब, म्हणजे काठी) काढा, डावीकडचा सहारा बंकर (वाळूचा मोठा खड्डा) टाळा, झालं. ग्रीनचं (खळग्याभोवतीच्या हिरवळीचं) तोंड उघडं आहे, चेंडू घरंगळत आत जाऊ शकतो, हे मान्य.

पण सायप्रस पॉइंटचं सोळावं! सव्वादोनशे यार्डांच्या आसपास, जवळपास सगळं समुद्रावरून. वारा समोरून आला की हातातला क्लब दोनदा बदलला जातो. आणि छाती होत नसेल, तर समुद्र टाळून आयर्नने (कमी पल्ल्याच्या क्लबने) चेंडू डावीकडच्या जमिनीवर टाका. तिथून पिच (छोटा, उंच फटका) खळग्याजवळ पडली तर एका पुटात (ग्रीनवरच्या हलक्या फटक्यात) पारसुद्धा निघतो. कोर्स आखणाऱ्या मॅकेंझीने भित्र्यालाही वाट ठेवलीय, फुकट मात्र नाही. माझं मत सायप्रसलाच. आमचा पार्टनर अजून 'लांबी ती लांबी' म्हणत बिस्कीट बुडवतोय.